नववा खण

गिरीश हर्डीकर या माणसाला मी तीन वर्षं मनसोक्त शिव्या घातल्या, आणि त्यातली एकही मागे घ्यायची माझी तयारी नाही. तेव्हा त्या बरोबरच होत्या. आधी हे सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागलो की राजीव म्हातारपणी हळवा झाला असं कोणी म्हणायला नको.

आमचं ब्रॅनर्सव्हिल म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं एक गाव. एक नदी, एक बंद पडलेली कागदाची गिरणी, चौदा चर्च आणि बावीस मराठी कुटुंबं. त्यातले निम्मे डॉक्टर, उरलेले माझ्यासारखे प्लास्टिकच्या फॅक्टरीतले इंजिनियर. आणि एकटे हर्डीकर काका गावाचे बिल्डिंग इन्स्पेक्टर. देशात असताना ते सातारा जिल्ह्यात पीडब्ल्यूडीत होते. मेहुण्याच्या नादाने इकडे आले, इकडच्या कुठल्या कंपनीने देशातली डिग्री मोजली नाही, म्हणून गावाच्या कचेरीत चिकटले. खाकी पँट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर, डोक्यावर 'ब्रॅनर्सव्हिल बीव्हर्स' या बेसबॉल टीमची टोपी. डोहाळजेवणाला आले तरी हाच थाट. नमस्कार चमत्कार झाला की स्क्रू-ड्रायव्हर काढून यजमानाच्या दाराची चौकट टोचून बघायचे.

आपला माणूस इन्स्पेक्टर आहे म्हटल्यावर आपल्याला वाटणार की चला, एक परमिट तरी सुखाने मिळेल. बोंबला! आमच्या मंडळाचा गणपती चर्चच्या तळघरात बसायचा. तिथे भिंतीवर पाटी होती, नव्वद माणसं. त्र्याऐंशी साली काका दारात उभे राहून माणसं मोजत होते. नव्वद झाली आणि एक्क्याण्णवावे आले ते पिट्सबर्गहून दोन तास ड्राइव्ह करून आलेले गुरुजी. काकांनी गुरुजींना अडवलं! मी मंडळाचा सेक्रेटरी. मी हात जोडले, आवाज चढवला, शेवटी डॉ. कुमार, आमचे अध्यक्ष, सोवळं नेसून पार्किंग लॉटमध्ये जाऊन उभे राहिले तेव्हा गुरुजी आत गेले. अध्यक्षांनी प्राणप्रतिष्ठा खिडकीतून बघितली. काका स्वतःही आरती संपेपर्यंत बाहेरच होते, पण ते मी तेव्हा कशाला लक्षात घेऊ? मला वाटलं, भाव खातोय.

त्यात त्या वर्षी आमच्याकडे डेकची साथ आली. घराच्या मागे लाकडी मचाण बांधायचं, त्यावर खुर्च्या टाकायच्या आणि सोसायटीतल्या सगळ्यांना बोलवून मांस भाजायचं. आम्ही वांगी भाजायचो. बावीसातल्या सतरा घरांना डेक फुटले. माझा डेक सगळ्यात मोठा, मी स्वतः शनिवार-रविवार खपून बांधलेला. काका बघायला आले. विनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, मुद्दाम श्रीखंड केलं होतं. काकांनी दोन वाट्या खाल्लं, जायफळ छान लागलंय म्हणाले, आणि डेक नापास केला. घराला जिथे फळी जोडली होती तिथे मी बोल्टऐवजी खिळे मारले होते, एवढंच. परत बोलावलं, परत नापास. तिसऱ्यांदा म्हणाले, "राजीव, याच्याखाली तुझी रुपाली वाळूत खेळते. खिळा उपटून येतो रे. बोल्ट टाक."

"काका, दोन वर्षं उभा आहे ना?"

"पडेपर्यंत सगळंच उभं असतं."

असली वाक्यं ऐकवणाऱ्या माणसाचं काय करायचं? मी बोल्ट टाकले नाहीत. परमिटचा नाद सोडला आणि डेक वापरत राहिलो. मनात म्हटलं, लोका सांगे ब्रह्मज्ञान. स्वतःवर वेळ येऊ दे, मग बघू तुमचा नियम.

काकांना आयुष्यात शौक म्हणाल तर एकच, लॉस्नर फील्ड. गावाचं बेसबॉलचं जुनं ग्राउंड. बीव्हर्स म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरची टीम, मोठ्या टीमने पोरं भिजत घालायला ठेवलेली. प्रेक्षक दीड-दोनशे. पण ग्राउंड! तेवीस साली बांधलेला लाकडी स्टँड, हिरवा रंग इतक्या वेळा दिलेला की बाकाच्या कडा गोल झालेल्या. स्कोअरबोर्डवर आकड्यांच्या पाट्या हाताने अडकवायच्या, त्यातला सातचा आकडा हरवलेला, म्हणून कोणाच्या सात धावा झाल्या की सहा आणि त्याच्याशेजारी एक अशा दोन पाट्या लावायचे. कुंपणावर जाहिराती, त्यातली निम्मी दुकानं बंद होऊन दहा वर्षं झालेली. सहाव्या डावात मागच्या रुळांवरून मालगाडी जायची, तेव्हा अंपायर हात वर करून खेळ थांबवायचा, कारण गाडी जाईपर्यंत कोणाला काही ऐकू यायचं नाही. तिकिटं विकणारी डोरोथी कोव्हाल्स्की नावाची सत्तरीची बाई तिकिटं संपवून वर जायची आणि ऑर्गन वाजवायची. तिला पाचच गाणी येत.

काका सत्त्याहत्तर साली तिथे इन्स्पेक्शनला गेले ते नऊ डाव संपेपर्यंत उठलेच नाहीत. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. वर बघत बसले होते. "खांबावर तुळई कशी बसवली आहे बघ," ते मला सांगायचे, "खिळा नाही. लाकडात लाकूड." तेव्हापासून दर मॅचला काका आणि वसुधाकाकू नवव्या खणात, म्हणजे स्टँडच्या अगदी शेवटच्या टोकाला. दोन खांबांमधला एक खण, असे नऊ खण. काकू सुरुवातीला विणकाम घेऊन यायच्या. पुढे विणकाम सुटलं आणि काकूंचा आवाज सुटला. "अरे मेल्या, डोळे गहाण टाकलेस का?" असं अंपायरला नवव्या खणातून खणखणीत मराठीत ऐकू यायचं. अंपायर बदलायचे, पण जो येईल त्याला जुना अंपायर 'मेल्या'चा अर्थ सांगून जायचा. अमेरिकेत येऊन आठ वर्षं ही बाई कोणाशी मोठ्याने बोलली नव्हती. तिला गळा मिळाला तो त्या बाकावर. हे काकांनीच मला एकदा सांगितलं, आणि सांगताना टोपी काढून हातात घेतली होती.

शहाऐंशीच्या वसंतात मेयर हॅरिगनच्या डोक्यात आलं की गावाला मॉल पाहिजे आणि मॉलला पार्किंग पाहिजे. ज्या गावात दुपारी मुख्य रस्त्यावर कुत्रं आडवं झोपतं, त्या गावाला आठशे गाड्यांचं पार्किंग! पण लॉस्नर फील्ड पाडायचं तर लोक ओरडणार. मग मेयरने युक्ती काढली. स्टँड जुना, लाकडी, धोकादायक. इन्स्पेक्टरचा रिपोर्ट मागवा. आणि इन्स्पेक्टर कोण? जो स्वतःच्या गुरुजींना दारात अडवतो तो. मेयरने बुलडोझरवाल्याला तारीखसुद्धा देऊन टाकली. रिपोर्ट मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी कौन्सिलपुढे. नापास झाला की जूनची पहिली मॅच व्हायच्या आधी स्टँड भुईसपाट.

काका आमच्या मंडळाच्या मीटिंगला आले. तीन वर्षांत कोणी त्यांना चहा विचारला नव्हता. उभ्यानेच म्हणाले, "डोळ्यांना स्टँड ठीक दिसतो. पण मला तो आवडतो, म्हणून माझे डोळे धरायचे नाहीत. लोड टेस्ट करणार आहे. फायर ब्रिगेडकडे पुराच्या वेळची वाळूची पोती आहेत, दोन हजारांच्या वर. कौन्सिल माणसं देत नाही. मला हात पाहिजेत."

 मग डॉ. कुमार, तेच पार्किंग लॉटमधले अध्यक्ष, म्हणाले, "हर्डीकर, नव्वदच माणसं आणायची की जास्त चालतील?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, "जितकी येतील तितकी. पण एका वेळी एका खणात सहाच."

मी गेलो तो मदतीला नाही, उगाच थोरपणा कशाला घेऊ? गंमत बघायला गेलो. मेमोरियल डेचा लाँग वीकेंड होता. शनिवारी सकाळी आमचे मराठी डॉक्टर, ज्यांनी देशात कधी दळणाचा डबा उचलला नव्हता, ते खांद्यावर चाळीस पौंडाचं पोतं घेऊन पायऱ्या चढत होते. बीव्हर्सची पोरं होती, गिरणीतले जुने कामगार होते. डोरोथी वरून तिची पाच गाणी वाजवत होती. काकूंनी दोनशे बटाटेवडे केले होते, आणि गिरणीवाल्यांनी ते केचपशी खाल्ले. काकूंनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

दुपारी बाराला नऊही खण पोत्यांनी भरले. प्रत्येक तुळईखाली काकांनी एकेक मीटर लावला होता, घड्याळासारखा. तुळई वाकली की काटा फिरणार. खाली टेकू दिले होते, दोन बोटं अंतर सोडून, म्हणजे काही झालंच तर तुळई टेकूवर थांबेल. फायर चीफने सगळ्यांना पिवळ्या फितीच्या बाहेर काढलं. काकांनी एक घडीची खुर्ची घेतली, फितीखालून आत गेले आणि स्टँडच्या बरोबर खाली जाऊन बसले.

चीफ ओरडला. बाहेर या म्हणाला, नियम आहे.

"नियम मीच लिहिला आहे," काका म्हणाले. "आमच्याकडे स्लॅबचं सेंटरिंग, म्हणजे खालचे टेकू, काढताना ज्याने सही केली तो खाली उभा राहतो. नाहीतर सहीला किंमत काय?"

मला इतका आनंद झाला! सापडला, म्हटलं, सापडला शेवटी! दुसऱ्याला नव्वदावर एक चालत नाही आणि स्वतः बिनधास्त फितीच्या आत. मी ही गोष्ट तासाभरात सतरा डेकांवर पोहोचवली.

रविवारी दुपारी बारापर्यंत वजन तसंच होतं. स्टँड हलला नाही. काटे फिरले, पण ठरलेल्या मर्यादेच्या आत. टाळ्या झाल्या, पोती उतरली, पोरांनी काकांना उचलायचा प्रयत्न केला. मेयर चेहरा पाडून गाडीत बसला. सगळे आपापल्या घरी गेले.

काका खुर्ची घडी करेनात. मी विचारलं, "आता काय? पास झालं की."

"अर्धी टेस्ट झाली. वजन घेतलं म्हणजे काय मोठं? वजन कोणीही घेतं. उतरवल्यावर वाकलेलं परत जागेवर यायला पाहिजे. काटा चार घरं फिरला असेल तर तीन तरी. त्याला चोवीस तास द्यायचे."

सोमवारी दुपारी माझ्या डेकवर मंडळाची पिकनिक होती, चाळीस माणसं. बर्फ आणायला बाहेर पडलो होतो, जाता जाता ग्राउंडवर डोकावलो. काका एकटेच होते, काकू गाडीतून डबा काढत होत्या. काकांनी पहिल्या खणापासून काटे वाचायला सुरुवात केली आणि मला वही दिली. पहिला खण, सगळा परत. दुसरा, तिसरा, अगदी आठव्यापर्यंत सगळे शहाण्या मुलासारखे जागेवर. नववा खण.

काका काट्यापुढे वाकले, चष्मा पुसला, परत वाकले.

"सोळा घरं खाली गेला होता," ते म्हणाले. "बारा तरी परत यायला हवा होता. नऊच आलाय."

मग स्क्रू-ड्रायव्हर काढून ते कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी गेले. मागे पन्हळ गळत होती, वर्षानुवर्षं पाणी तिथे मुरत होतं, आणि वरून हिरव्या रंगाचे जाड थर. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा.

काका खाली मातीतच बसले. "नऊ वर्षं मी इथे टेकून बसतोय रे," ते म्हणाले. "वसुधा इथे बसते. दर वसंतात मी येऊन टोचायचो, पण बाकीचे टोचायचो. हा नाही टोचला. हा आपला वाटायचा."

 या माणसाची जिरलेली बघायला मी आलो होतो ना? आणि जिरली तेव्हा मला बघवेना. मी इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. मी म्हटलं, "काका, तीन घरांचाच प्रश्न आहे. मी बारा लिहितो. खांब पुढच्या आठवड्यात गुपचूप बदलून टाकू, मी स्वतः येतो. पण उद्या मेयरच्या हातात हे दिलंत तर तो सगळा स्टँड पाडेल. एका खणापायी नऊ जातील!"

"जातील," काका म्हणाले.

"मग?"

"मग नऊ लिही."

"काका!"

"नसेल लिहायचं तर वही इकडे दे."

त्यांनीच लिहिलं. नऊ. खाली सही. मग पिवळी फीत आणून नवव्या खणाला स्वतः बांधली. काकू डबा घेऊन आल्या, फीत बघितली, नवऱ्याकडे बघितलं.  ज्या बाईने अंपायरच्या सात पिढ्या उद्धरल्या ती गप्प! फितीखालून हात घालून त्यांनी आपली बसायची उशी तेवढी काढून घेतली.

मी घरी आलो तो चिडूनच. असला कसला हट्ट? मागच्या अंगणात माणसं जमली होती, डॉ. कुमार प्लेट घेऊन डेकच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे. आणि डेकखाली, वाळूत, माझी रुपाली दोन मैत्रिणींबरोबर खेळत बसलेली.

माझ्या हातातली बर्फाची पिशवी गळून पडली. मी पळत गेलो, आधी पोरींना ओढून बाहेर काढलं आणि मग पायरीवर आडवा उभा राहिलो. "कोणी वर जायचं नाही. पिकनिक खाली, गवतावर."

"बट व्हाय, डॅडी?" रुपाली म्हणाली.

"राजीव, तुला काय झालंय?" विनीता म्हणाली.

"हर्डीकर चावला असेल," डॉ. कुमार म्हणाले. सगळे खो-खो हसले आणि गवतावर बसले. मी तासभर त्या पायरीवर पहारा देत होतो. मुंग्या चावल्या त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं.

मंगळवारी कौन्सिलच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी रिपोर्ट वाचला. आठ खण पास. नववा खण एकतीस साली दुसऱ्या सुताराने मागाहून जोडलेला, त्याचा सांगाडा वेगळा, तो नापास, तेवढाच काढून टाकावा. मेयर उठलाच. म्हणाला, बघा, तुमचा इन्स्पेक्टरच सांगतो लाकूड कुजलंय! आणि बाकीचे आठ पास कशावरून? काटे वाचले कोणी? यानेच. हा माणूस नऊ वर्षं दर मॅचला तिथे बसतो. त्याचं प्रेम आहे त्या लाकडांवर. प्रेमात माणूस आकडे बदलत नाही?

 काकांनी नुसती रिपोर्टाची घडी घातली. मंडळाच्या मीटिंगमध्ये ते स्वतः हेच म्हणाले होते, माझे डोळे धरायचे नाहीत म्हणून.

मी उठलो.  तिथे माझे फॅक्टरीतले साहेब बसले होते, आमची बावीस कुटुंबं बसली होती.

"काटे वाचले तेव्हा मी तिथे होतो," मी म्हटलं. "नवव्या खणाचा आकडा बदला, असं मी या माणसाला सांगितलं. कोणी बघत नव्हतं. तीन घरांचा फरक होता, आणि तो खण त्यांचा स्वतःचा. त्यांची बायको तिथे बसते. तरी त्यांनी नऊचे बारा केले नाहीत. खोटं बोलायला तयार होतो तो मी. ते नाही."

मी खाली बसलो.  विनीता माझ्याकडे बघत होती, पण रागाने नाही.

मागून डोरोथी कोव्हाल्स्की उठली. म्हणाली, "डेल हॅरिगन, तू शाळेत असताना कुंपणाच्या फटीतून फुकट मॅच बघायचास, मी तुला कान धरून हाकललंय. ज्याने स्वतःच्या बायकोची जागा बंद केली तो बाकीच्या आठांबद्दल खोटं बोलेल का? मतदान घे आणि आम्हाला घरी जाऊ दे."

पाच विरुद्ध दोन. नववा खण काढायचा, बाकी स्टँड राहणार. जूनमध्ये पहिली मॅच त्याच स्टँडमध्ये झाली. काकू चौथ्या खणात, थेट अंपायरच्या मागे बसल्या. अंपायरच्या दृष्टीने मॉल परवडला असता.

पण मतदानाच्या त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. हॉलबाहेर लोक काकांचे हात हातात घेत होते. मी एका बाजूला उभा होतो, उद्या फॅक्टरीत काय तोंड दाखवू या विचारात. काका गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. थँक यू नाही तर निदान शाबास. त्यांनी टोपी सरळ केली.

"बोल्ट आणलेस?"

"आज सकाळी आणले, काका."

"किती?"

"चोवीस."

"छत्तीस लागतील. रविवारी मी येतो, आपण दोघं बसवू." ते जायला वळले, दोन पावलं जाऊन थांबले. "आणि राजीव, तोपर्यंत रुपालीला त्याच्याखाली खेळू देऊ नकोस."